नेपल्सचं पुराणवस्तू संग्रहालय आणि नेपल्सचं जेवण: एका दिवसाचा सविस्तर बेत

इटलीच्या सहलीत आपली बहुतेक मंडळी नेपल्सला पोम्पेईपुरतीच जातात. सकाळी रोमहून गाडी, दुपारी उन्हात अवशेष, रात्री परत रोम. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं पोम्पेई हे रोमन शहर बघावंच, पण तिथल्या घरांच्या भिंती आज बऱ्याच ठिकाणी उघड्या आहेत. त्यांच्यावरची उत्तमोत्तम चित्रं, जमिनीवरची रंगीत खड्यांची मोझेक, भांडीकुंडी, अगदी जळून कोळसा झालेले पावसुद्धा अठराव्या शतकापासून उचलून नेपल्समध्ये आणले गेले. तिथल्या राष्ट्रीय पुराणवस्तू संग्रहालयात ते आज ठेवले आहेत. ते न बघता परतणं म्हणजे घर बघून घरातल्या माणसांना न भेटता येणं.

दुसरी गोष्ट जेवणाची. नेपल्समध्ये संग्रहालय आणि जेवण हे दोन वेगळे कार्यक्रम करू नयेत असं माझं ठाम मत आहे. सकाळी काचेमागे जे पाव, मासे, अंजिरं आणि द्राक्षं बघाल, त्यांतलं बरंच काही दुपारी दहा मिनिटांच्या अंतरावर ताटात येतं. म्हणून हा बेत दोन्ही एकत्र धरून मांडला आहे.

आधी वार ठरवा

संग्रहालय मंगळवारी बंद असतं. पोम्पेई मंगळवारी उघडं असतं. एवढ्यावरून बेत आपोआप बसतो: सोमवारी संध्याकाळी नेपल्सला पोचा, मंगळवारी पोम्पेई आणि बुधवारी संग्रहालय. हाच क्रम मला योग्य वाटतो. आधी रिकामी घरं, अरुंद गल्ल्या, पिठाच्या दगडी चक्क्या आणि भट्ट्या बघून घेतल्या की दुसऱ्या दिवशी प्रत्येक वस्तू कुठल्या खोलीत होती ते डोळ्यांपुढे येतं. उलट क्रमाने गेलात तर संग्रहालयात वस्तू सुंदर दिसतात, पण सुट्या सुट्या राहतात.

पोम्पेईचं तिकीट आता नावानिशी मिळतं आणि नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे. उन्हाळ्यात जाणार असाल तर तिकीट आधी काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. नेपल्सच्या मुख्य स्थानकाच्या जमिनीखालच्या मजल्यावरून चिर्कुमव्हेसुव्हियाना नावाची लोकल सुटते. ‘पोम्पेई स्कावी’ या थांब्याला उतरायचं, पाऊण तासाच्या आत पोचता. गाडीत गर्दी असते, पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतली सरकारी संग्रहालयं फुकट असतात. ऐकायला छान वाटतं, पण त्या दिवशी गर्दीत मोझेकपुढे उभंही राहता येत नाही. लांबून गेलेल्या माणसाने तो दिवस टाळावा.

तिकीट आणि पोचणं

वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ७:३०. तिकीटखिडकी त्याआधी बंद होते. तिकीट साधारण वीस युरोच्या घरात आहे. १८ वर्षांखालच्या मुलांना, कुठल्याही देशाची असोत, सरकारी संग्रहालयांत प्रवेश मोफत आहे, फक्त वयाचा पुरावा हवा. पोम्पेई, त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं हर्क्युलेनियम असं दोन-तीन ठिकाणी जाणार असाल तर ‘कांपानिया आर्टेकार्ड’ घ्यावं का, याचा हिशोब आधी घरीच करा. बहुतेक वेळा ते परवडतं.

मुख्य स्थानकाखालच्या गारिबाल्दी स्टेशनवरून मेट्रोची १ नंबरची लाइन घ्या आणि ‘म्युझेओ’ला उतरा. वाटेत ‘तोलेदो’ लागतं. त्याच्या निळ्या मोझेकच्या घसरगुंडीवजा सरकत्या जिन्यासाठी लोक मुद्दाम उतरतात, तुम्हीही उतरा, पुढची गाडी लवकर येते. म्युझेओ स्टेशनातच हर्क्युलिसच्या मोठ्या पुतळ्याची प्रतिकृती आहे, खरा पुतळा वर संग्रहालयात.

मोठी पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत, सामानघरात ठेवावी लागते. फोटो काढता येतात, फ्लॅश मात्र नको. मनुष्यबळाअभावी काही दालनं आळीपाळीने बंद ठेवतात. म्हणून निघायच्या आदल्या रात्री संकेतस्थळावर त्या दिवशी काय उघडं आहे ते बघाच. ‘अलेक्झांडर मोझेक’साठी तर हे फारच गरजेचं आहे. पोम्पेईच्या ‘फॉनच्या घरा’त १८३१ साली सापडलेलं हे सुमारे पावणेसहा मीटर रुंदीचं युद्धाचं चित्र संग्रहालयाचा मानबिंदू आहे. २०२१ मध्ये त्याच्या संवर्धनाचं मोठं काम हाती घेतलं गेलं. तेवढ्यासाठीच जाणार असाल तर आधी खात्री करा.

आत गेल्यावर: खालून नव्हे, मधून सुरुवात

ही इमारत सोळाव्या शतकाच्या अखेरीस घोडदळासाठी बांधायला घेतली, १६१६ पासून तिथे विद्यापीठ भरू लागलं, आणि नंतर नेपल्सवर राज्य करणाऱ्या बूर्बोन घराण्याच्या राजांनी आपला संग्रह तिथे आणला. म्हणून दालनं प्रशस्त आहेत आणि चालणं खूप आहे. सगळं बघायचा हट्ट सोडा. साडेतीन तास धरा आणि त्यात निवडक बघा. उरलेल्याला पुन्हा आत येऊ असंही धरून चालू नका.

सहलीचे गट तळमजल्यावरच्या संगमरवरी पुतळ्यांपासून सुरू करतात. तुम्ही नऊच्या ठोक्याला सरळ मधल्या मजल्यावर जा. तिथे मोझेक आहेत आणि पहिला अर्धा-पाऊण तास ती जवळजवळ तुमच्या एकट्याची असतात.

मोझेकमध्ये समुद्राचं चित्र शोधा. मधोमध ऑक्टोपसने एका शेवंडाला पकडलेलं आहे, भोवती मासे, वाम, कोळंबी. मासे ओळखता यावेत इतके नेमके आहेत. खवल्यांची चमक दाखवायला कारागिराने दगडाचे कण किती बारीक घेतले आहेत ते जवळून बघा, काही ठिकाणी तर ते मोहरीएवढे वाटतात. रोमन श्रीमंत माणूस आपल्या जेवणघरात किंवा त्याच्या आसपास हे चित्र का काढून घेत असेल, ते वेगळं सांगायला नको: पाहुण्याला दिसलं पाहिजे की या घरात काय काय शिजतं. पोम्पेईच्या ‘फॉनच्या घरा’तलं मांजर आणि बदकांचं मोझेकही तिथेच आहे. वर मांजर पक्ष्यावर झडप घालतंय, खाली बदकं, मासे आणि शिंपले. स्वयंपाकघरात येणाऱ्या मालाची ही यादीच.

हस्तिदंती बाई

याच मजल्यावर ‘गाबिनेत्तो सेग्रेतो’ म्हणजे गुप्त दालन आहे. पोम्पेईत सापडलेली शृंगारिक चित्रं आणि वस्तू एकोणिसाव्या शतकात इथे कुलपात ठेवल्या गेल्या, आणि सर्वांसाठी हे दालन नीट खुलं झालं ते २००० साली. १४ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसासोबतच सोडतात. मुलं बरोबर असतील तर आळीपाळीने जा, पण चुकवू नका. कारण मराठी माणसाला या अख्ख्या संग्रहालयात सर्वांत जवळची असलेली वस्तू इथे आहे.

ती एक जेमतेम पंचवीस सेंटिमीटरची हस्तिदंती मूर्ती आहे. १९३८ साली पोम्पेईच्या मुख्य रस्त्यालगतच्या एका घरात सापडली, आणि त्या घराला तेव्हापासून ‘भारतीय मूर्तीचं घर’ म्हणतात. अंगावर वस्त्र नाही, दागिने मात्र भरगच्च: गळ्यात माळा, हातभर बांगड्या, पायांत वाळ्यांच्या रांगा. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, हातांत प्रसाधनाची पात्रं. मूर्तीला वळसा घालून मागे जा आणि पाठीवरची वेणी बघा. डोक्यावरून खाली एक भोक आहे. त्यावरून ही आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या फर्निचरचा भाग असावा असं मानतात. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. आता बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात.

महाराष्ट्राचा संबंध इथे येतो. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे प्राचीन भोगवर्धनला, १९७०च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग मिळाला. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही अशी हस्तिदंती मूर्ती सापडली आहे, ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. म्हणून पोम्पेईची बाई सातवाहनांच्या मुलखातल्या कारागिराच्या हातची असावी असा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष तळाशी कोरलेल्या खरोष्ठी अक्षराकडे बोट दाखवतो, कारण ती लिपी वायव्य भारतातली. वाद मिटलेला नाही. पण इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला त्याआधी ती तिथे पोचली होती, एवढं नक्की.

ती आली कशी? पावसाळी वाऱ्यांवर स्वार होऊन आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून तांबड्या समुद्राकडे जाणारी गलबतं, तिथून उंटांवरून नाईल, मग अलेक्झांड्रिया, आणि तिथून नेपल्सशेजारच्या पुतेओली बंदरात, म्हणजे आजच्या पोझ्झुओलीत. त्या काळच्या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेरची नावं आहेत. याच वाटेने मिरी, कापड आणि रत्नं जात, आणि उलट दिशेने दारूचे रांजण आणि काशाच्या मूर्ती येत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती त्यांतलीच, ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. सहलीला निघण्यापूर्वी ती बघून गेलात तर या व्यापाराची दोन्ही टोकं बघितल्यासारखं होईल.

पाव, अंजीर आणि भिंतीवरची फळं

आता वरचा मजला. इथे भित्तिचित्रं, हर्क्युलेनियमच्या ‘पापायरसच्या हवेली’तली काशाची शिल्पं, आणि पोम्पेईची लाकूड-बुचाची १:१०० प्रतिकृती आहे. मला विचाराल तर सर्वांत आधी पाव शोधा. कपाट सापडलं नाही तर रखवालदाराला विचारा, “स्कूझी, दोव्हे इल पाने कार्बोनिझ्झातो?” एवढं विचारलं की माणसं आनंदाने वाट दाखवतात.

हा पाव गोल, कोळशासारखा काळा, वर मध्यापासून कडेपर्यंत खाचा पाडून आठ भाग केलेले. कडेलाही एक आडवी खाच दिसते. त्यांतल्या एकावर, जो हर्क्युलेनियमचा आहे, शिक्का उमटलेला आहे. त्यात सेलेर हे नाव आणि तो क्विंटस ग्रानियस वेरुसचा गुलाम असल्याचा उल्लेख आहे. बहुधा बऱ्याच घरांचे पाव एकाच भट्टीत जात, तेव्हा कुणाचा कुठला हे कळावं म्हणून हा शिक्का. ज्वालामुखीचे तापलेले वायू आणि राख यांनी सगळं इतक्या झटकन झाकलं की हवेअभावी पाव जळून राख न होता कोळसा झाला आणि आकार राहिला. पोम्पेईच्या एका भट्टीत १८६२ साली असे ८१ पाव मिळाले होते. एक माणूस पीठ मळतो, त्यावर खाचा पाडतो, शिक्का मारतो आणि भट्टीत सरकवतो, हे सगळं त्या काळ्या गोळ्यात अजून वाचता येतं. त्यापुढे सावकाश उभे राहा.

मग त्याच पावाचं चित्र शोधा. पांढऱ्या अंगरख्यातला एक माणूस ओट्यामागे उंच बसलाय, समोर पावांची रास आणि लोक हात पुढे करतायत. आधी याला पाववाल्याचं दुकान समजत. आता निवडणुकीतला उमेदवार किंवा गावातला कुणी बडा माणूस फुकट पाव वाटतोय, असं मानतात. जवळच तेरेंतियस नेओ हा पोम्पेईकर आणि त्याची बायको यांचं चित्र बघा. तिच्या हातात मेणाची पाटी आणि लेखणी आहे, ती थेट तुमच्याकडे बघते.

फळांची चित्रं वेगळी वेळ काढून बघण्यासारखी आहेत. काचेच्या भांड्यातली फळं आरपार दिसतात. पीच आणि पाण्याची बरणी असलेलं हर्क्युलेनियमचं चित्र आहे, अंडी आणि टांगलेल्या पक्ष्यांचं पोम्पेईचं आहे. शिवाय अंगभर द्राक्षांचे घोस ल्यालेला दारूचा देव बाखुस आणि मागे वेलींनी भरलेला व्हेसुव्हियस, तेही आहे. डोंगर तेव्हा एकाच शिखराचा दिसतो. या सगळ्यात काय नाही, ते मुद्दाम बघा: टोमॅटो नाही, बटाटा नाही, मिरची नाही, मका नाही. ही सगळी अमेरिकेतून सोळाव्या शतकात आणि नंतर आली, त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही. पोम्पेईत २०२३ साली एका भिंतीवर चपट्या भाकरीवर फळं ठेवलेलं चित्र सापडलं तेव्हा जगभर ‘पिझ्झा सापडला’ अशा बातम्या आल्या. त्यावर टोमॅटोही नव्हता आणि मोझ्झारेलाही नाही.

शेवटी तळमजला, फार्नेझे या जुन्या इटालियन घराण्याचा संग्रह. रोममधल्या काराकाल्लाच्या स्नानगृहांतून सोळाव्या शतकात निघालेली इथली प्रसिद्ध शिल्पं वारसाहक्काने बूर्बोन राजांकडे आणि मग नेपल्सला आली. तीन मीटरहून उंच हर्क्युलिस सोट्यावर रेलून दमलेला उभा आहे. समोरून फोटो काढून पुढे जाऊ नका. मागे जा, पाठीमागे धरलेल्या उजव्या हातात हेस्पेरिडीस या अप्सरांच्या बागेतली सफरचंदं आहेत, त्याच्या अवघड कामगिऱ्यांपैकी एकीत मिळवलेली. तो का दमलाय ते तिथे कळतं. शेजारचा फार्नेझे बैल हा प्राचीन जगातून उरलेल्या शिल्पसमूहांत सर्वांत मोठा मानला जातो. इजिप्तचं दालन तळघरात आहे. पाय शिल्लक असतील तरच जा.

दुपारी एक: जेवायला कुठे

संग्रहालयातून बाहेर पडून व्हिया सांता मारिया दि कोस्तांतिनोपोलीने खाली चालत जा. बेल्लिनी चौकात रस्त्याच्या पातळीखाली ग्रीक नगराच्या तटाचे दगड उघडे ठेवलेत, ते बघा. तिथून पोर्ताल्बा आणि व्हिया देई त्रिबुनाली हे दोन्ही रस्ते जवळ. पोर्ताल्बाचा पिझ्झेरिया १७३८ पासूनचा म्हणून ओळखला जातो. त्रिबुनालीवर दर पावलागणिक नामांकित दुकानं आहेत, रांगाही तशाच. दा मिकेले हा १८७०चा पिझ्झेरिया थोडा लांब, स्थानकाच्या बाजूला आहे आणि त्याची ख्याती मार्गेरिता आणि मारिनारा या दोन पिझ्झांवरच उभी आहे. रांगेत तासभर घालवण्यापेक्षा शेजारच्या गल्लीत, जिथे कामगार आणि विद्यार्थी बसलेत, तिथे बसा. नेपल्समध्ये वाईट पिझ्झा मिळवायला मेहनत लागते.

इथला पिझ्झा ४३०-४८० अंशांच्या लाकडाच्या भट्टीत साठ ते नव्वद सेकंदांत होतो. कडा फुगलेली आणि ठिपक्याठिपक्याने करपलेली, मध्यभाग मऊ आणि ओलसर. तो कच्चा नाही, तसाच असतो. एका माणसाला एक पिझ्झा, न कापता येतो, सुरी-काट्याने खायचा. दोघांत एक मागवला तरी कुणी काही म्हणत नाही, पण अर्ध्यावर भूक राहते. रस्त्यावर चार घड्या घालून हातात देतात त्याला ‘आ पोर्ताफोल्यो’ म्हणतात, तो स्वस्त आणि उभ्याने खायला छान. मिरचीची भुकटी मागू नका, ‘ओल्यो पिक्कांते’ म्हणजे तिखट तेल मागा.

१८८९ साली इटलीच्या राणी मार्गेरितासाठी राफाएले एस्पोझितोने झेंड्याच्या तीन रंगांचा पिझ्झा केला ही गोष्ट तुम्हाला सगळीकडे ऐकवतील. इतिहासकारांना तिच्याबद्दल शंका आहे. पिझ्झा करणाऱ्यांची कला मात्र २०१७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि भट्टीपुढे उभं राहून त्यांचे हात बघितले की ते पटतं.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा

नेपल्स शाकाहाऱ्यांना सोपं आहे असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धं खरं आहे. मांस न दिसणाऱ्या बऱ्याच पदार्थांत डुकराची चरबी असते, तिला ‘स्त्रुत्तो’ किंवा नेपल्सच्या बोलीत ‘न्झोन्या’ म्हणतात. पापुद्र्यांची प्रसिद्ध स्फोल्यातेल्ला पारंपरिक पद्धतीने याच चरबीत घडवतात. मिरी-बदामाचे ताराल्ली तर चरबीचेच. ईस्टरची पास्तिएरा ही मिठाईसुद्धा बऱ्याचदा त्यातच मळलेली असते. म्हणून दुकानात विचारा, “चे लो स्त्रुत्तो?” सरळ हो किंवा नाही असं उत्तर मिळतं.

दुसरं चीजचं. म्हशीच्या दुधाच्या अधिकृत मोझ्झारेलात वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, वापरणं नियमानेच बंधनकारक आहे. परमेसान चीजमध्येही तेच. हे चालत नसेल तर मार्गेरिता सोडा आणि मारिनारा घ्या: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, बस. नाव समुद्राचं असलं तरी त्यात मासा नाही, आणि चीजही नाही. नेपल्समधल्या सर्वांत जुन्या घडणीच्या पिझ्झांपैकी हा एक, आणि चव इतकी स्वच्छ की मांसाहारी असूनही मी तोच मागवते. जैन असाल तर “सेंत्सा आल्यो” म्हणजे लसूण नको.

जेवणात ‘कोंतोर्नी’ म्हणजे भाज्यांचा भाग बघा. फ्रियारिएल्ली ही किंचित कडू पालेभाजी लसूण-मिरचीवर परततात, मेथी आवडणाऱ्याला ती लगेच आवडेल. सॉसेजशिवाय हवी म्हणून सांगा. वांग्याची पार्मिजाना मिळते, त्यात चीज असतंच. ‘पास्ता ए चेची’ म्हणजे पास्ता आणि काबुली चणे, ‘पास्ता ए फाजोली’ म्हणजे राजम्याच्या जातीचे दाणे. यात कधी डुकराचं कातडं किंवा मांसाचे तुकडे घालतात, विचारून घ्या. पुत्तानेस्का सॉसमध्ये कधी कधी आंचोव्ही हा छोटा मासा असतो, आणि तळलेल्या पास्त्याच्या वड्यात बहुतेक वेळा खिमा किंवा हॅम असतं. एकच वाक्य पाठ करा: “सोनो व्हेजेतारियाना, सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे.” पुरुषांनी ‘व्हेजेतारियानो’ म्हणावं.

मासे खाणाऱ्यांसाठी

कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही. ‘आलिची फ्रित्ते’ म्हणजे पिठात घोळवून कुरकुरीत तळलेली आंचोव्ही. आपली मांदेली त्याच कुळातली. अख्खी तोंडात टाकायची, काट्यासकट. ‘स्पागेत्ती आल्ले व्होंगोले’ म्हणजे तिसऱ्यांचा पास्ता, ‘इंपेपाता दि कोत्से’ म्हणजे शिणाण्यांसारखे शिंपले भरपूर मिरी घालून. ऑक्टोपस सांता लुचिया पद्धतीने टोमॅटोत शिजवतात. सकाळी मोझेकमध्ये बघितलेला हाच.

मासे ताजे कसे येतात ते बघायचं असेल तर मोंतेसांतोजवळच्या पिन्यासेक्का बाजारात सकाळी फेरी मारा. रोमन लोक माशांना मीठ लावून, आंबवून ‘गारुम’ नावाचं पाणी काढत आणि ते जवळजवळ सगळ्यात घालत. पोम्पेईत हा धंदा करणाऱ्या उंब्रिसियस स्काउरुसने आपल्या घराच्या जमिनीत गारुमच्या बरण्यांचं मोझेक करून घेतलं होतं, जाहिरातीसारखं. आज अमाल्फी किनाऱ्यावरच्या चेतारा गावात ‘कोलातुरा दि आलिची’ करतात: मिठात दाबलेल्या आंचोव्हीतून लाकडी पिंपाच्या तळाशी थेंब थेंब गळणारा अंबर रंगाचा रस. लसूण, तेल आणि पास्ता, वर एक चमचा कोलातुरा. त्यात वेगळं मीठ घालायचं नाही.

दुपारनंतर: जमिनीखालचा बाजार

जेवून त्रिबुनालीनेच पुढे चाललात की सान गाएतानो चौक लागतो. ग्रीकांचा अगोरा आणि रोमनांचं फोरम इथेच होतं, आणि आजच्या गल्ल्या त्याच जुन्या आखणीवर आहेत. सान लोरेंत्सो माज्जोरे चर्चच्या खाली तिकीट काढून उतरा. तिथे रोमन बाजारातली दुकानांची रांग, ओटे आणि भट्टी आहे. सकाळचा पाव, दुपारचं जेवण आणि हा बाजार एकाच दिवशी बघितला की शहर समजतं. तासभर पुरतो. बाहेर सान ग्रेगोरियो आर्मेनो ही नाताळच्या देखाव्याच्या मूर्ती करणाऱ्यांची गल्ली आहे, डिसेंबरात तिथे पाय ठेवायला जागा नसते.

मग कॉफी. काउंटरवर उभ्याने घ्या, सव्वा-दीड युरो लागतात. टेबलावर बसलात की दर वाढतो. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवायची. सोबत पाण्याचा छोटा ग्लास येतो, तो कॉफीच्या आधी पितात. काही ठिकाणी साखर घालूनच देतात, नको असेल तर “आमारो” सांगा. दुपारी कापुचीनो मागितलात तर देतील, पण तिथली माणसं तो सकाळीच घेतात. ‘सोस्पेझो’ नावाची एक सुंदर रीत इथे आहे: आपल्या कॉफीबरोबर आणखी एकीचे पैसे भरायचे, ती नंतर येणाऱ्या एखाद्या गरजूला मिळते. जरूर भरा.

पैसे आणि वेळा

बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो लावतात, ती फसवणूक नव्हे, रीतच आहे. टिप द्यायचं बंधन नाही. पाणी विचारतात तेव्हा ‘नातुराले’ म्हणजे साधं, ‘फ्रित्सांते’ म्हणजे फसफसणारं. दोन्ही बाटलीबंद आणि विकतचं. दुपारचं जेवण साधारण एक ते तीन, मग बरीच स्वयंपाकघरं बंद, रात्री साडेसात-आठपासून पुन्हा. लहान मुलं आणि मधुमेह असलेली मंडळी बरोबर असतील तर या मधल्या चार तासांसाठी काहीतरी पिशवीत असू द्या. दारात उभं राहून हाका मारणाऱ्या आणि पाच भाषांत फोटोंचा मेन्यू लावलेल्या जागा टाळा.

घरी न्यायला कोलातुराची छोटी बाटली उत्तम, पण ती १०० मिलीहून मोठी असेल तर चेक-इन सामानातच टाका. दोन प्लॅस्टिक पिशव्यांत गुंडाळून, टोपणावर चिकटपट्टी लावून, कपड्यांच्या मधोमध ठेवा. ग्रान्यानो गावचा सुका पास्ता वजनाला हलका आणि टिकाऊ, तो हवा तेवढा घ्या. म्हशीची ताजी मोझ्झारेला मात्र तिथेच संपवा. ती दुसऱ्या दिवशीसुद्धा तशी राहत नाही.